ज्याचे बाइट त्याचं बिल?

क्लाउडच्या बिलात ऑब्झर्व्हेबिलिटीचा, म्हणजे सिस्टीमवर नजर ठेवण्याचा, आकडा फुगायला लागला की मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांत एक प्रश्न हमखास उठतो. हा खर्च नेमका कोणत्या टीमचा? त्यातही ट्रेसिंगचा वाटा डोळ्यांत भरला की वित्त विभागाला उत्तर लगेच हवं असतं. ते सोपंही वाटतं. प्रत्येक टीमने महिन्याभरात ट्रेसिंगचे किती बाइट पाठवले ते मोजायचं, आणि त्या प्रमाणात बिल वाटून मोकळं व्हायचं. यातल्या मोजणीच्या बाजूने मी आहे. ती नीट, काटेकोर आणि सर्वांना दिसेल अशी व्हायला हवी. पण मोजणीवरून थेट वाटणीवर उडी मारली, तर ज्या कारणासाठी ट्रेसिंग आणलं त्याच्याच मुळावर घाव बसतो, असं मला वाटतं.

आधी ट्रेसिंग म्हणजे काय ते थोडक्यात. मोबाइलवर आपण ‘ऑर्डर करा’ हे बटण दाबतो. ती एक विनंती मागच्या बाजूला कार्ट, किंमत, साठा, पेमेंट, डिलिव्हरी अशा कितीतरी सर्व्हिसमधून फिरते. प्रत्येक ठिकाणी काम कधी सुरू झालं, कधी संपलं, काही बिनसलं का, याची एक छोटी नोंद होते. तिला स्पॅन म्हणतात. एका विनंतीच्या सगळ्या स्पॅनवर एकच 16 बाइटचा क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकाने गोळा होणारी पूर्ण साखळी म्हणजे ट्रेस. हा क्रमांक एका सर्व्हिसकडून दुसरीकडे कसा पोहोचवायचा, याचं डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने 2020 साली मानक केलं. सर्व्हिस वेगळ्या, टीम वेगळ्या, कधी कधी देशही वेगळे. पुण्यात खराडीला बसलेली टीम आणि अमेरिकेतली टीम एकाच ट्रेसमध्ये शेजारी असतात आणि एकमेकींना ओळखतही नसतात.

या विद्येची सार्वजनिक सुरुवात गूगलच्या ‘डॅपर’ या ट्रेसिंग यंत्रणेवरच्या 2010 च्या शोधनिबंधाने झाली असं मानायला हरकत नाही. त्यातले आकडे आजही वाचण्यासारखे आहेत. दर 1024 विनंत्यांमागे एकीचीच नोंद ठेवूनही त्यांच्याकडे दिवसाला 1 टेराबाइटहून जास्त माहिती जमत होती, आणि एक स्पॅन सरासरी 426 बाइटचा होता. संगणकात देवनागरीचं एक चिन्ह बहुधा 3 बाइट घेतं. म्हणजे डॅपरच्या एका स्पॅनमध्ये या लेखाच्या जेमतेम दोन ओळी मावतील. खर्चाचं भान तिथे पहिल्या दिवसापासून होतं. किती नोंदी ठेवायच्या हा प्रश्न त्यांनी हिशेबतपासनिसाकडे न ढकलता रचनेतच सोडवला होता.

मग ही हत्यारं सर्वांच्या हाती आली. 2019 मध्ये दोन प्रकल्प एकत्र येऊन ओपनटेलिमेट्री जन्माला आलं, आणि चार ओळी लिहिल्या की ट्रेसिंग चालू, इतकं ते सोपं झालं. त्याची मूळ मांडणी उदार आहे. एका स्पॅनवर 128 गुणधर्म टाकता येतात, 128 घटना जोडता येतात, आणि गुणधर्माच्या लांबीला मुळात मर्यादाच नाही. कोणी संपूर्ण एसक्यूएल क्वेरी चिकटवतं, कोणी एखाद्या चुकीची लांबलचक स्टॅक ट्रेस, कोणी ग्राहकाने पाठवलेला अख्खा मजकूर. डॅपरचे 426 बाइट कधीच मागे पडले. त्यात न सांगता सवरता केलेली निवड अशी की, विनंतीमागे आधीचा निर्णय नसेल तर सगळंच नोंदवायचं. असेल तर तो पाळायचा. हे वाक्य लक्षात ठेवावं, पुढे त्याचं काम आहे.

आता मोजणी. काही वर्षांपूर्वीपर्यंत ती ढोबळच होती: सगळीकडचे स्पॅन गोळा करणाऱ्या कलेक्टरमध्ये ते मोजायचे, त्या संख्येला सरासरी आकाराने गुणायचं, आणि आलेला आकडा आत्मविश्वासाने सादर करायचा. 2025 च्या सुरुवातीला आलेल्या ग्राफाना टेम्पो या ट्रेस साठवणाऱ्या साधनाच्या 2.7 आवृत्तीत ही सोय आतच आली. कोणत्या गुणधर्मावर हिशेब करायचा ते सांगितलं, उदाहरणार्थ सर्व्हिसचं नाव, की आत येणारा प्रत्येक बाइट कोणाच्या तरी खात्यावर पडतो. गुणधर्मच नसेल तर ‘गहाळ’ अशा अर्थाच्या खात्यावर. वेगवेगळी खाती मर्यादेबाहेर वाढली तर ‘ओसंडलेले’ अशा खात्यावर. एकही बाइट बेवारस राहत नाही. कारकुनी दृष्टीने हे उत्तम काम आहे, यात शंका नाही.

तरीही या काटेकोरपणात बारीक फटी आहेत. स्पॅन एकेकटे प्रवास करत नाहीत, गठ्ठ्याने जातात, आणि सर्व्हिसचं नाव, मशीनचं नाव, आवृत्ती वगैरे सामायिक मजकूर गठ्ठ्यावर एकदाच लिहिलेला असतो. ओपनटेलिमेट्रीत गठ्ठा 512 स्पॅनचा भरला किंवा 5 सेकंद झाले की निघतो. गर्दीच्या सर्व्हिसचे गठ्ठे भरलेले जातात. दिवसाला चार विनंत्या घेणाऱ्या सर्व्हिसचा गठ्ठा दोन स्पॅन घेऊन निघतो, आणि तोच सामायिक मजकूर त्या दोघांच्या डोक्यावर बसतो. स्पॅनमागे खर्च काढला तर गरीब टीम उधळी दिसते. दुसरी फट याहून मोठी. मोजणी दारात होते, पण पैसे बऱ्याच अंशी साठवणीला लागतात. साठवताना सारख्या मजकुराची घडी होते, म्हणून प्रत्येक स्पॅनवर तेच वीस गुणधर्म लावणारी टीम दारात जड आणि कोठारात हलकी ठरते. दर वेळी वेगळा मजकूर पाठवणारीचं उलट होतं. हे दोष सुधारता येतील, किंवा त्यांकडे काणाडोळाही करता येईल. खरी अडचण इथे नाहीच.

ती आहे कारणात. बाइट कोणी पाठवला हे मोजता येतं. तो कोणामुळे निघाला हे त्या बाइटवर लिहिलेलं नसतं.

समजा, कार्टमध्ये 40 वस्तू आहेत. कार्ट टीमच्या कोडमध्ये एक लूप आहे, आणि तो प्रत्येक वस्तूची किंमत वेगळी विचारतो. किंमत सर्व्हिसला सगळ्या वस्तू एकदम विचारायची सोय आहे, पण ती वापरायला कोणाला सुचलं नाही. आता स्पॅन मोजा. विचारणाऱ्याच्या बाजूने 40. किंमत सर्व्हिसकडे विनंती घेतल्याचे 40, आणि प्रत्येकीसाठी डेटाबेसकडे गेल्याचे आणखी 40. एका ‘कार्ट दाखवा’मागे 120 स्पॅन, त्यातले 80 किंमत टीमच्या नावावर. चूक कार्टची, दुप्पट बिल किंमतीचं. लूप काढून एकत्र विचारलं असतं तर 3 स्पॅनमध्ये काम भागलं असतं. पण ज्या टीमला जास्त बिल येतं तिला तो लूप दिसत नाही, आणि जिच्या हातात तो आहे तिला तो काढावासा वाटण्याइतकं बिल येत नाही. किंमत टीम फार तर काय करील? आपले डेटाबेसचे स्पॅन बंद करील. मग बिल उतरतं, कार्टचा लूप तसाच राहतो, आणि पुढच्या वेळी पान हळू उघडलं की वेळ डेटाबेसमध्ये गेला की अन्य कुठे, हे सांगणारी नोंदच उरलेली नसते.

कोणी टाइमआउट अतिकडक ठेवला आणि तीनदा प्रयत्न करण्याची आज्ञा दिली, की पुढच्या सर्व्हिसचे स्पॅन तिप्पट. रांगेतल्या एका संदेशाला सहा जण ऐकणारे जोडले, की सहांच्या खात्यावर नोंदी. प्लॅटफॉर्म टीमने सामायिक लायब्ररीची नवी आवृत्ती दिली आणि तिने प्रत्येक कॅश-वाचनाला स्पॅन लावला, की सोमवारी सकाळी सगळ्या टीमची खाती वर. यातल्या एकाही प्रसंगात बाइट पाठवणारा हा बाइट वाढवणारा नाही.

सॅम्पलिंगमध्ये ही गोष्ट आणखी टोकाला जाते. विनंतीची नोंद ठेवायची की नाही हा निर्णय साधारणपणे पहिल्या दारात होतो, आणि एका छोट्या खुणेच्या रूपाने पुढे पाठवला जातो. मागच्या सर्व्हिस तो निमूटपणे पाळतात. पाळायलाच हव्यात, नाहीतर साखळी तुटते. म्हणजे दारातल्या टीमने शेकड्यात एकाऐवजी दहा नोंदी ठेवायचं ठरवलं, तर आत बसलेल्या वीस टीमचं बिल न विचारता दसपट होतं. टेल सॅम्पलिंग हा दुसरा मार्ग. त्यात पूर्ण ट्रेस हाती येईपर्यंत थांबतात आणि मग ठेवायचं की टाकायचं ते ठरवतात. कलेक्टरमध्ये ही थांबण्याची मुदत मुळात 30 सेकंदांची आहे. ‘चूक झालेल्या सगळ्या ट्रेस ठेवा’ हा तिथला लोकप्रिय नियम, आणि तो योग्यच आहे. पण पेमेंट सर्व्हिस तासभर आजारी पडली की तिच्यासोबत चाललेल्या सगळ्या ठणठणीत सर्व्हिसचे स्पॅनही ठेवले जातात. आजारी एक, दवाखान्याचं बिल साऱ्या शेजाऱ्यांना.

बाइटप्रमाणे वसुली सुरू झाली की टीम काय करतात, याचा अंदाज बांधायला फार कल्पकता लागत नाही. बिलाचं एकक स्पॅन असेल तर दहा स्पॅनचा मजकूर एका अगडबंब स्पॅनमध्ये कोंबला जातो. एकक बाइट असेल तर ग्राहकाचा प्रकार, आवृत्ती, प्रदेश असे शोधायला उपयोगी पडणारे गुणधर्मच आधी कापले जातात. आणि एखादी वैतागलेली टीम ट्रेसिंगच काढून टाकते. या शेवटच्या पर्यायाचा परिणाम मोठा विनोदी आहे, म्हणून तिथे जरा थांबतो. लायब्ररी काढली की त्या सर्व्हिसमधून विनंतीचा क्रमांक आणि ती छोटी खूण पुढे जायचीच थांबते. पुढच्या सर्व्हिसला वाटतं, आपल्या आधी कोणी नाहीच, आपणच पहिलं दार. आणि मघाचं वाक्य आठवा: आधीचा निर्णय नसेल तर सगळं नोंदवायचं. कालपर्यंत शेकड्यात एक नोंद ठेवणारी ती सर्व्हिस आज शंभरातल्या शंभर ठेवायला लागते. पहिल्या टीमचं बिल शून्य, दुसरीचं शंभरपट, आणि कंपनीला हाती काय मिळालं, तर मधोमध तुटलेल्या लाखो ट्रेस. काटकसरीचा पुरस्कार मात्र पहिल्या टीमला.

ट्रेसची सगळी किंमत तिच्या अखंडपणात आहे. लॉग एका टीमपुरते उपयोगी असू शकतात, मेट्रिक्सही. ट्रेस तशी नाही. पेमेंट टीमने ठेवलेला स्पॅन पेमेंट टीमला लागेलच असं नाही; रात्री दोन वाजता तो डिलिव्हरी टीमच्या कोणाला तरी लागतो. ज्या वस्तूचा लाभ दुसऱ्याला होतो तिचा पूर्ण खर्च बनवणाऱ्याच्या माथी मारला, तर ती वस्तू बनायची थांबते.

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी या बाबतीत आपल्या क्लाउडतज्ज्ञांपेक्षा शहाणे आहेत. तिथे सगळा खर्च एकाच मापाने वाटत नाहीत. पाण्याचा खर्च सदनिकेतल्या नळजोडांची संख्या आणि आकार पाहून. दुरुस्तीचा निधी बांधकामाच्या खर्चाच्या प्रमाणात. सेवा शुल्क सगळ्यांना समान. आणि लिफ्टचा खर्च लिफ्ट असलेल्या इमारतीतल्या सगळ्या सदस्यांत समान, मग कोणी ती वापरो वा न वापरो. तळमजल्यावरचे सभासद दर वार्षिक सभेत या शेवटच्या कलमावर बोलतात, आणि दर वर्षी कलम तसंच राहतं. लिफ्टला मीटर लावून प्रत्येकाच्या फेऱ्या मोजणं अशक्य नाही. पण उपविधी करणाऱ्यांनी खर्चाचा प्रत्येक प्रकार वेगळा पाहिला, आणि कुठे वापर मोजायचा, कुठे नाही, हे आधी ठरवलं. ट्रेसिंगच्या हिशेबात ही पायरीच गाळली जाते. मोजता येतं, म्हणून मोजमाप हाच वाटणीचा पाया, असं गृहीत धरलं जातं.

वाटणीच्या गणितातही एक खोट आहे. बाहेरच्या विक्रेत्याशी करार बहुधा वर्षाचा असतो, आणि त्यात किमान रकमेची हमी दिलेली असते. एखाद्या टीमने जूनमध्ये आपले बाइट निम्मे केले, तर मार्चपर्यंत कंपनीचा एक रुपयाही वाचेलच असं नाही. ठरलेली रक्कम बाइटांच्या प्रमाणात वाटायची असल्याने तिचा वाटा घटतो, आणि बाकीच्यांचा आपोआप वाढतो. त्यांनी काही न करता. मग त्या चौकशीला लागतात, बैठका होतात, आणि त्या बैठकांना बसलेल्या अभियंत्यांच्या वेळेची किंमत कोणत्याच खात्यावर पडत नाही. निदान दर तरी आधी जाहीर करावा, गिगाबाइटला इतके, आणि वर्षभर तो बदलू नये. म्हणजे दुसऱ्याच्या काटकसरीची शिक्षा कोणाला होणार नाही. एकूण रकमेतला टक्का वाटणं हा सगळ्यांत वाईट प्रकार.

याला समोरून एक खणखणीत उत्तर येतं, आणि ते झटकून टाकण्यासारखं नाही. खिशाला चाट बसल्याशिवाय कोणी सुधारत नाही. फुकट आहे म्हटलं की टीम वाटेल ते पाठवतात, आणि प्लॅटफॉर्म टीम विनवण्या करत फिरते. हे खरं आहे. कुबरनेटीसची जिवंतपणाची तपासणीच घ्या. प्रत्येक पॉडला, म्हणजे सर्व्हिसच्या प्रत्येक चालू प्रतीला, ‘आहेस ना?’ असं विचारलं जातं, आणि मुळात हे दर 10 सेकंदांनी होतं. म्हणजे दिवसाला 8640 वेळा. एका टीमचे 200 पॉड आणि प्रत्येकाला दोन तपासण्या धरल्या, आणि त्या कोणी वगळल्या नसतील, तर दिवसाला 34 लाख 56 हजार स्पॅन होतात. सगळे ‘आहे, आहे’ म्हणणारे. ते कधीच कोणी उघडून पाहत नाही. डॅपरच्या सरासरीने धरलं तर हा माल दीड गिगाबाइटच्या आसपास जातो. बाइटवर बिल करणाऱ्याकडे तो किरकोळ ठरेल, स्पॅनवर बिल करणाऱ्याकडे महिन्याला दहा कोटींच्या वर नोंदी. हा कचरा काढायला दोन ओळींचा नियम पुरतो, पण तो लिहायला कोणीतरी तो आकडा बघावा लागतो.

इथेच मोजणीचं मोल आहे. पण नीट पाहिलं तर या उदाहरणात सुधारणा घडवायला बिल लागत नाही. आकडा लागतो, आणि तो टीमच्या नावाने चारचौघांत दिसावा लागतो. क्लाउड खर्चाच्या जगात यासाठी दोन शब्द रूढ आहेत, शोबॅक आणि चार्जबॅक: एकात खर्च दाखवतात, दुसऱ्यात वसूल करतात. पहिली दुसरीची कच्ची आवृत्ती आहे, परिपक्व झालात की वसुलीवर या, असा सूर बऱ्याचदा लागतो. सर्व्हर, डेटाबेस, डिस्क यांच्यापुरता तो ठीक आहे, कारण तिथे वापरणारा आणि लाभ घेणारा बहुतेक एकच असतो. ट्रेसिंगमध्ये मला दाखवण्यापाशीच थांबणं जास्त परिपक्वपणाचं वाटतं.

दाखवायचं काय, हेही निवडायला हवं. टीमचे एकूण बाइट ही सगळ्यांत निरुपयोगी संख्या, कारण ती बहुतांशी रहदारी दाखवते. त्याऐवजी टीमच्या पूर्ण हातात असलेल्या दोन गोष्टी दाखवाव्यात: तिच्या स्पॅनचं सरासरी वजन, आणि तिच्याकडे आलेल्या एका विनंतीमागे ती आपल्या आत किती स्पॅन काढते. वजन 4 किलोबाइट निघालं तर कोणीतरी अख्खा मजकूर चिकटवतंय. आतले स्पॅन 60 निघाले तर कुठेतरी लूप आहे. रहदारी दुप्पट झाली तरी हे आकडे सहसा जागचे हलत नाहीत, म्हणून यांवर टीमला जाब विचारता येतो. हवं तर यांच्यावर मर्यादा घालावी, आणि मर्यादेबाहेरच्याची वसुलीही करावी. ते नळाच्या पाण्यासारखं आहे.

सॅम्पलिंगचा खर्च मात्र निर्णय घेणाऱ्याच्या खात्यावर हवा. त्यासाठी दुसरी वही लागते. त्याच बाइटांचा हिशेब, पण पाठवणाऱ्या सर्व्हिसच्या नावाने नव्हे, विनंती ज्या दारातून आली त्या दाराच्या नावाने: ‘ऑर्डर करा’, ‘शोधा’, ‘रिफंड’. दाराचं नाव विनंतीसोबत पुढे नेता येतं आणि प्रत्येक स्पॅनवर लिहिता येतं. त्याने थोडे बाइट वाढतात, पण ते बाइट सत्कारणी लागतात. दोन्ही वह्यांची बेरीज एकच येते, म्हणून त्या एकमेकींत मिळवायच्या नाहीत. एक सांगते कोण बोललं, दुसरी सांगते कोणी बोलायला लावलं. कार्टचा लूप पहिल्या वहीत किंमत टीमच्या नावावर दडलेला असतो. दुसरीत ‘कार्ट दाखवा’ या दाराखाली विनंतीमागे 120 स्पॅन दिसतात, आणि विचारायचं कोणाला ते लगेच कळतं.

उरलेला खर्च, म्हणजे कलेक्टर, साठवण, शोधण्याची यंत्रणा, चूक झालेल्या ट्रेस ठेवण्याचा खर्च, हा लिफ्टचा आहे. तो प्लॅटफॉर्मच्या अंदाजपत्रकात एकरकमी असावा आणि त्याचं समर्थन प्लॅटफॉर्म टीमने करावं. मोठ्या बिघाडाच्या वेळी एखाद्या टीमने तासभर सगळंच नोंदवायला सुरुवात केली, तर तो तासही याच खात्यावर. आग लागली असताना पाण्याचा मीटर कोणाच्या नावावर फिरतोय, हे पाहायला लावणारी पद्धत कोणालाच परवडत नाही.

आणि वही उघडल्यावर पहिल्यांदा काय दिसतं, त्याचीही तयारी ठेवावी. सर्व्हिसला नाव द्यायचं राहिलं तर ओपनटेलिमेट्री स्वतःच ‘अननोन सर्व्हिस’ असं नाव ठेवून देतं. त्याशिवाय दोन पुनर्रचनांपूर्वी मोडलेल्या टीमच्या नावाने चालू असलेल्या सर्व्हिस असतात, आणि ज्यांवर तीन टीम हक्क सांगतात पण बिल आलं की एकही सांगत नाही अशाही. म्हणून टीमचं नाव स्पॅनवर कोरू नये. सर्व्हिस कोणाची, कोणत्या तारखेपासून, याचा तक्ता बाहेर ठेवावा आणि हिशेबाच्या वेळी जोडावा. बेवारस ओळींचा खर्च प्लॅटफॉर्म टीमने स्वतःकडे घ्यावा, कारण धनी शोधण्याचं साधन तिच्याच हातात आहे. त्या ओळी एकूण बाइटांच्या शेकड्यात दोन-तीनवर येईपर्यंत वित्त विभागाला वसुलीच्या बैठकीची तारीख देण्याचं काही कारण नाही.